एजंट नक्की कुणाचा?

अहो ताई, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, विचारताय काय! फांदी तुमच्याच बाजूला वाकलीय. पण थांबा जरा, तुम्हाला सांगायचंच राहिलंय. आमच्या पुतण्याचं घराचं जमतंय बरं का. तोच हो, हिंजवडीला आयटीत आहे तो. वाकडला भाड्यानं राहतात दोघं. दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि वाढीव भाडं, कंटाळली पोरं. आणि त्यांना घर दाखवायला एजंट आहे, म्हणून मी म्हटलं, बघायला मीही येते.

पहिला एजंट एकदम टापटीप. गाडी त्याची, वाटेत चहा त्याचा, वर म्हणतो, ‘काकू, आमची फी शून्य.’ मी मनात म्हटलं, फुकट कोण कुणाला पुनावळ्यापर्यंत नेतं? त्याचे पैसे बिल्डर देतो हो! बुकिंग झालं की टक्क्यानं. त्यात वाईट काही नाही, धंदाच आहे तो. पण मग त्याच्या तोंडून त्या इमारतीबद्दल वावगा शब्द कसा निघणार? समोरच्या डोंगराचं कौतुक झालं, होऊ घातलेल्या रस्त्याचं झालं. रस्ता कधी होणार म्हटलं, तर म्हणाला, ‘प्लॅनमध्ये आहे.’

सँपल फ्लॅट बघाल तर तुम्हीही हरखाल. मी मात्र पिशवीत टेप नेली होती. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत! दार नसलं की खोली मोठी वाटते. पलंग असा बेतानं केलेला, की पुतण्या झोपला तर घोट्यापासून पाय बाहेर. कपाटाची खोली मोजली, तर हँगर आडवा बसत नाही. सूनबाई माझ्याकडे बघून हसायला लागली, तशी तिथली ती सेल्सची मुलगी गोरीमोरी झाली.

आणि एजंट तोंडानं काय सांगत होता? ‘साडेदहाशेचा टू-बीएचके.’ पुतण्यानं तिथल्या तिथे महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट काढला. कार्पेट किती? ६६ चौरस मीटर. १०.७६ नं गुणा, ७१० चौरस फूट होतात. त्यात बाल्कनी धरत नाहीत हे खरं, पण बाल्कनी काय साडेतीनशे फुटांची असते? बाकीचं म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटा. तिथे काय गादी टाकून झोपायचंय?

किंमत ८० लाख. बँक देणार ८० टक्के, म्हणजे ६४. उरलेले १६ लाख साठलेत म्हणून पोरं खूश. मी म्हटलं, वरच्याचं काय? बांधकाम चालू असलेलं घर, म्हणून जीएसटी ५ टक्के, झाले ४ लाख. स्टॅम्प ड्युटी आपल्याकडे मेट्रोचा सेस वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. जवळजवळ १० लाख वर! आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. हे एजंटनं सांगायला नको का? तो म्हणे, ‘ते पुढचं पुढे बघू.’

पुढचं म्हणजे काय, तर आधी २० टक्के भरा, करारनामा दोन महिन्यांनी. तिथे मात्र पुतण्या अडला. २०१६ च्या रेरा कायद्यातच आहे, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. बिल्डरच्या ऑफिसातला साहेब म्हणाला, ‘सगळे देतात हो, फॉर्मॅलिटी आहे.’ आणि आमचा एजंट? मोबाइलमध्ये डोकं. तेव्हाच मी ओळखलं, हा आपल्याबरोबर आलाय पण आपल्या बाजूचा नाही.

तर दुसरा एजंट सूनबाईनं शोधला, पिंपळे सौदागरचा. एवढंसं दुकान, भिंतीवर गणपती, आणि गणपतीशेजारी फ्रेम करून परीक्षेचं सर्टिफिकेट. खरंच! २०२३ पासून महारेरानं एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा लावलीय ना. मला तर बाई मजा वाटली, गाइड घेऊन बसले असतील रात्रीचे. यानं फ्लॅट दाखवायच्या आधी खाली बसवलं आणि विचारलं, हातात पगार किती येतो, गाडीचा हप्ता चालू आहे का, आईवडील पुढे राहायला येणार का. म्हणाला, नव्यावर जीएसटी जातो, तुम्ही राहतं घर बघा.

तीन दाखवले, दोन त्यानंच नको म्हटले. एकाला भोगवटापत्र नव्हतं. दुसरा तर मला फार आवडला होता, पूर्वेचा, ऐसपैस. हा गेटवर वॉचमनशी तंबाखूच्या गप्पा मारत उभा आणि हळूच रजिस्टर चाळतोय. मला खुणेनं बोलावलं. बघते तर पानभर नोंदी टँकरच्या! सकाळी टँकर, दुपारी टँकर, एके दिवशी रात्री साडेअकराला टँकर. वर मालकीणबाई सांगत होत्या, ‘पाण्याचा प्रश्नच नाही.’ नाहीच ना, टँकर येतो म्हटल्यावर! मेंटेनन्सचं बिल मागितलं, तर म्हणाल्या सापडत नाही.

तिसरा जमतोय. बारा वर्षांची बिल्डिंग, ८२ सांगितले होते, ७८ वर आलेत. पार्किंग आमचंच म्हणत होते मालक. एजंट म्हणाला, तोंडी नको, सोसायटीचं पत्र दाखवा. ते मिळालं.

आता खरी गंमत ऐका. घर कुणाच्या नावावर? नुसतं बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट. नवरा जोडीला घातला की गेली. ७८ लाखांवर ७८ हजार वाचतात. झालं, मोठ्या जाऊबाईंचा फोन, ‘हप्ते माझा मुलगा भरणार आणि घर तिचं?’ मी म्हटलं, अहो, पगार तिचा जास्त आहे, आणि कर्जात दोघंही आहेत. पूर्वी तर अशी अट होती की बाईनं ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचंच नाही. २०२३ ला काढली ती. जाऊबाईंना हे सांगितलं नाही, ती अट त्यांना आवडली असती.

आणि वाचले म्हणता म्हणता ते ७८ हजार गेलेच. कारण या एजंटची फी शून्य नाही! दोन टक्के मागितले, एकावर आणलं. विकणाऱ्याकडूनही घेणारच तो. म्हणजे हाही निम्माच आपला. पण निदान उघडपणे निम्मा. शिवाय घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा, तोही ७८ हजार. अर्थात तो मालकाच्या पैशातून, पण भरायचं लक्षात ठेवायचं आपण. ५० लाखांपासून पुढच्या घराला असतो तो. मालक म्हणाले, माझे पैसे का कापता? मग त्यांना समजावत बसला एजंटच.

वकील मात्र त्यानं सुचवलेला घेतला नाही. तिथे मी ठाम. घर बघायला एजंट, कागद बघायला आपला माणूस. बँकेचा वकील बघतो म्हणतात, पण तो बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून बघतो.

म्हणूनच तुम्हाला हाक मारणार होते. भावोजी बँकेत कर्जखात्यातच होते ना? वकिलाकडे न्यायच्या आधी एकदा डोळ्याखालून घालतील का? इंडेक्स टू आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, सोसायटीची एनओसी येतेय. फक्त कन्व्हेयन्सचं विचारलं, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का म्हटलं, की एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल काकू, डीम्ड कन्व्हेयन्स आहे ना,’ आणि गाडी एकदम दिवाळीच्या वास्तुशांतीवर नेतो. काल म्हणाला, लवकर टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. एजंटचं दुसरं गिऱ्हाईक कधी बसलेलं ऐकलंय का तुम्ही? उभंच असतं मेलं. तर भावोजींचा दुपारचा डोळा लागून झाला की येते मी फाइल घेऊन. आणि हो, जाऊबाई आल्या तर त्यांच्यापुढे नावाचा विषय काढू नका, त्या गुरुवारी येणार आहेत.