उशिरा सांगा, पूर्ण सांगा

डिसेंबरातला रविवार. पुण्याच्या पूर्वेला एक माळरान, कुसळी गवत वाळून सोनेरी झालेलं. सकाळचे सात. गवतात एक शॉर्ट-इअर्ड आउल बसलंय आणि माळावर अकरा गाड्या उभ्या आहेत.

घुबड एक. गाड्या अकरा.

हे घुबड उत्तरेकडच्या थंड मुलखातून हिवाळा काढायला आपल्याकडे येतं. शिकार करतं बहुतेक संध्याकाळी आणि रात्री. दिवसा आराम करतं, तोही जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी. ढोली नाही, फांदी नाही. लपायला अंगावरचा रंग तेवढा आहे. गाडी जवळ आली की ते उडतं, शंभर पावलांवर बसतं. तिथे दुसरी गाडी पोचते. दिवसाउजेडी घुबड हवेत दिसलं की कावळे मागे लागतात, घारीही येतात. त्या सकाळी मी ते सहा वेळा उडताना पाहिलं. सातव्यांदा उडालं ते टेकाडापलीकडे गेलं आणि पुन्हा दिसलं नाही.

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो आले. सुरेख होते. सगळे उडतानाचे.

बसलेल्या घुबडाचा एकही नव्हता. असणार कसा? कोणी बसू दिलं होतं त्याला?

आणि ठिकाण सांगितलं कोणी? आपल्यातल्याच एकाने. आदल्या रात्री, मोकळ्या मनाने, नकाशावरच्या पिनसकट. 'सगळ्यांना बघायला मिळू दे.' त्याचं मन चांगलं होतं, हे मला मान्य आहे. पण रात्री दहाला टाकलेली पिन सकाळी सातला गाड्यांची रांग होते, हे आता आपल्यातल्या कोणाला माहीत नाही?

मग काय, पक्षी दिसला की तोंड शिवून बसायचं?

मुळीच नाही. न सांगितल्यामुळेही पक्षी मेले आहेत. नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी दर ऑक्टोबरात अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. पुढे अरबी समुद्र ओलांडून त्यांना आफ्रिका गाठायची असते. २०१२ साली तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल चालली होती. ती चार जणांनी जाऊन पाहिली, चित्रित केली, जगापुढे ठेवली. गावांनी मनावर घेतलं आणि २०१३ च्या हंगामात शिकार थांबली. त्याच वर्षी तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बसवली गेली. एकाचं नाव ठेवलं पांगती, तिथल्याच गावाचं.

नोव्हेंबर सरता सरता लोणावळ्याच्या पठारावर अमूर ससाणे बघायला आपण दुर्बिणी घेऊन पळतो ना? ते बघायला मिळतात, कारण वाटेवरच्या गावांनी जाळी गुंडाळली.

म्हणजे सांगायला हवंच. प्रश्न आहे तो काय, कधी आणि कोणाला, एवढाच.

जुन्या लोकांचा हा प्रश्न टपाल खात्याने सोडवला होता. १९६० च्या आसपास जफर फतेहअली यांनी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. सायक्लोस्टाइल केलेली पानं पोस्टाने घरी येत. कुठल्या तळ्यावर कोणतं बदक दिसलं, किती होती, काय करत होती, सगळं तपशिलात. पण बातमी पोचेपर्यंत आठवडे उलटलेले असत. ती वाचून कोणी रातोरात गाडी काढली नाही.

तो उशीर पक्ष्यांच्या पथ्यावर पडत होता. तो आपण घालवला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आणलं नाही.

आता 'दुर्मीळ' या शब्दाकडे येऊ. हिवाळा लागला की हा शब्द फार स्वस्त होतो. आकाशात घार दिसते, तिचं कोणी बूटेड ईगल करतं. शेपटी बघितली? घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते, बूटेड ईगलची सरळ कापल्यासारखी. शिवाय पंख जिथे मानेला मिळतात तिथे त्याला दोन पांढरे ठिपके, गाडीच्या दिव्यांसारखे. हे बघायला दहा सेकंदं लागतात. पोस्ट करायला तीन.

ब्राह्मणी घारीच्या तपकिरी पिल्लाचं दर वर्षी काहीतरी भलतंच केलं जातं. पांढऱ्या चिमणीची बातमी छापून येते, मथळ्यात 'दुर्मीळ प्रजाती'. अहो, ती चिमणीच आहे. पिसांत रंगद्रव्य कमी पडलंय.

चुकू नये असं कोण म्हणतंय? हिवाळी वटवटे ओळखताना चाळीस वर्षं पक्षी बघणारेही चुकतात. 'खात्री नाही' हे दोन शब्द नोंदीत लिहायला मात्र हात आखडतो. ते लिहिले की 'जिल्ह्यातली पहिली नोंद' हातची जाते ना.

एका खोट्या नोंदीने काय होतं, ते बघायला महाराष्ट्राबाहेर जायला नको.

रानपिंगळा. सातपुड्यातला बुटका, जाडजूड, दिवसाउजेडी फांदीवर बसणारा पिंगळा. विज्ञानाला तो १८७३ साली माहीत झाला. पुढे खानदेशात नोकरी करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने गोळा केले, शेवटचे १८८४ च्या सुमारास. त्यानंतर सामसूम. पुढची नोंद १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. ती होती कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागन यांच्या नावावर. लष्करातले बडे अधिकारी, पक्षीशास्त्रातलं मोठं नाव. शंका कोण घेणार?

पाऊण शतक कोणी घेतली नाही.

मग पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासले. पेंढा भरण्याची पद्धत पाहिली, क्ष-किरणांनी आतली बांधणी पाहिली. मांडवीचा पिंगळा मांडवीचा नव्हताच. तो डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला नमुना होता. माइनर्त्झहागन यांनी तो संग्रहालयातून चोरला होता, पुन्हा भरला होता आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी बांधली होती. ठिकाण खोटं, तारीख खोटी, संग्राहक खोटा.

ती चिठ्ठी बाजूला केल्यावर उरल्या त्या खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधलं, तिथे काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. नोव्हेंबर १९९७, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं शहादा. सकाळच्या उन्हात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता.

एकशे तेरा वर्षांनी. आणि तिथेच, जिथे डेव्हिडसनने तो असल्याचं खरंखरं लिहून ठेवलं होतं.

पुढे तो मेळघाटात सापडला. २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानशात. आज कोणी 'एका नोंदीने काय फरक पडतो' म्हणालं, की मला शहादा आठवतं. खऱ्या नोंदीने वाट दाखवली, तीही शंभर वर्षांनी. खोटीने पाऊण शतक दिशाभूल केली.

म्हणून कोणी ठिकाण लपवायला 'पुणे जिल्हा' ऐवजी मुद्दाम 'सातारा जिल्हा' लिहितो, तेव्हा मला ते सहन होत नाही. ठिकाण लिहू नका, हरकत नाही. नुसता तालुका लिहा, तेही चालेल. पण भलतं लिहू नका. पन्नास वर्षांनी तुमची नोंद वाचणाऱ्याला तुमचा हेतू कुठून कळणार?

पाण्यावरचा पक्षी आणि गवतातला पक्षी यांतही फरक करायला हवा. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून दूरवर एखादं अनोळखी बदक दिसलं तर खुशाल सांगा. मनोरा आहे, वनखात्याचे लोक आहेत, मधे पाणी आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे ते, लोकांनी तिथे जावंच. उजनीच्या काठच्या भिगवणलाही जा. पण नावाड्याला 'अजून पुढे घे, अजून पुढे' करून रोहितांचा थवा उठवू नका. चिखलात मान खाली घालून चरणारा रोहित उठला की त्याचं खाणं थांबतं. शे-दोनशे पक्षी एकदम उडालेले फोटोत छान दिसतात. दिवसातून दहा नावांनी दहा वेळा उडवलं तर ते चरणार कधी?

माळरानावर मात्र मधे पाणी नाही, मनोरा नाही, पहारा नाही. सरकारी कागदावर त्या जमिनीला पडीक म्हणतात. भोवत्यांचे, म्हणजे हॅरियर पक्ष्यांचे, थवे रात्री तिथेच जमिनीवर झोपतात. त्या झोपायच्या जागेचं ठिकाण सांगणं म्हणजे कोणाच्या घराची किल्ली चौकात टांगण्यासारखं आहे.

कॉल वाजवणाऱ्यांबद्दल किती वेळा लिहायचं? मोबाइलवर नराची साद लावली की पक्षी समोर येतो, फोटो मिळतो. त्याच्या दृष्टीने त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसलेला असतो. तो खाणं सोडून भांडायला आलेला असतो. एकदा नाही. रविवारी येणाऱ्या प्रत्येक टोळीसाठी एकदा.

आणि तो दुर्मीळ पक्षी पहिल्यांदा पाहिला कोणी? उजनीच्या जलाशयावर नाव चालवणाऱ्या मच्छीमाराने. माळावर मेंढरं चारणाऱ्या धनगराने. 'दादा, हे पाखरू गेल्या वर्षी नव्हतं' असं आधी तो म्हणतो. मग आपण दुर्बीण लावतो, इंग्रजी नाव सांगतो आणि नोंदीखाली आपलं नाव घालतो.

त्याचं नाव का नाही? जागा राहिली नव्हती?

काही गोष्टी मात्र क्षणाचाही उशीर न लावता सांगायच्या. जाळं दिसलं, लगेच. संक्रांतीला मांज्यात अडकलेला पक्षी, लगेच. विजेच्या तारेखाली मेलेला पक्षी, लगेच, आणि तारेच्या खांबाच्या क्रमांकासकट. हे वनखात्याला आणि जवळच्या बचाव पथकाला कळवायचं, फोटोला लाइक किती आले ते नंतर बघू.

पायात कडं किंवा गळ्यात पट्टा दिसला तर तोही कळवायचा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कड्यावर तसं लिहिलेलंच असतं, सोसायटीला कळवा म्हणून. मंगोलियात गळ्यात पट्टे घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर दिसले आहेत. हिमालयावरून उडताना सात हजार मीटरच्या वर ज्यांची नोंद झाली, ते हे हंस. पट्टा घातलेला पक्षी कुठून निघाला, किती वर्षांचा आहे, हे त्या पट्ट्यावरच्या अक्षरांवरून कळू शकतं.

आपल्याकडे त्याचे दोनशे फोटो येतात. पट्ट्याचा क्रमांक वाचता येईल असा एखादा.

बाकी दुर्मीळ पक्ष्यांचं म्हणाल तर त्यांतले अनेक वाट चुकलेले असतात, पहिल्याच प्रवासाला निघालेली पोरं. त्यांच्यामागे हिवाळा घालवा, त्यात आनंद आहे, मीही तो घेतला आहे. पण पुण्याजवळच्या कवडी पाटावर चक्रवाक यंदा किती आले, ते कोण मोजतंय? थापट्या हे बदक कधी आलं आणि कधी गेलं? उजनी तुडुंब असलं की चिखलाचे काठ उघडे पडत नाहीत आणि रोहित उशिरा येतात. हे आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी रोहित न दिसलेल्या दिवशीही वही उघडली म्हणून. न दिसलेल्या पक्ष्याची नोंद कोणी कोणाला पाठवत नाही. पाठवली तर उत्तर येतं, 'मग यात विशेष काय?'

विशेष हेच, की सायबेरियन क्रौंच भरतपूरला २००२ नंतर आले नाहीत. ते आपल्याला कळलं ते त्यांची वाट बघत पुढच्या हिवाळ्यातही तळ्यावर जाऊन बसणाऱ्यांमुळे.

त्या माळावरच्या घुबडाची नोंद मी केली आहे. तारीख, वेळ, गवताची उंची, किती वेळा उडालं, का उडालं. सोबत गाड्यांची संख्याही लिहिली आहे. माळाचं नाव मार्च संपला की देईन, ते परत गेल्यावर.

फेब्रुवारीत दर वर्षी जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. पंधरा मिनिटं पुरतात. जवळचं तळं गाठा, नाही तर गच्चीवर उभे राहा. चिमण्या किती, बगळे किती, थापट्या किती, ते लिहा. गेल्या वर्षी होता आणि यंदा एकही नाही, तर थापट्यासमोर शून्य लिहा आणि तो कागद फाडू नका.