कर्णावर कादंबरी लिहायला बसलेल्यांसाठी

गोवर निघावा तसा मराठी लिहिणाऱ्याला आयुष्यात एकदा कर्ण निघतोच. घाबरू नका, आणि लाजू तर मुळीच नका. दुसऱ्याची पात्रं उचलून त्यांचं मागचं-पुढचं आपल्या मनासारखं लिहिण्याला हल्लीची मुलं फॅन फिक्शन म्हणतात. आपल्याकडे ते पुठ्ठाबांधणीत, वाचनालयाचा शिक्का अंगावर घेऊन कधीचं नांदतंय. शिरवाडकरांचं ‘कौंतेय’ रंगभूमीवर आलं, १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, मग रणजित देसाईंची ‘राधेय’. कर्णाच्या बायकोचं वृषाली हे नाव व्यासांना ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक नसलेला मराठी वाचक शोधून काढावा लागेल. या धंद्यात एवढी ताकद आहे.

पहिली सूचना: मूळ महाभारत उघडू नका. त्यातही पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीपासून चार हात लांब राहा. १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून, हजारावर हस्तलिखितं ताडून त्या मंडळींनी तुमचं सगळ्यात मोठं भांडवल घालवलंय. स्वयंवराच्या भर मंडपात द्रौपदी सूतपुत्राला नाकारते, तो प्रसंग त्यांनी मुख्य संहितेतून काढून खाली पाठभेदांत नेऊन ठेवला. नायकाचा अपमानच तळटीपेत गेला, तर पुढची सहाशे पानं कशाच्या जोरावर काढायची? शिवाय आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांमध्ये राधेयाचंही नाव आहे. द्रोणांनी नाकारलं ते ब्रह्मास्त्र. असल्या गोष्टी एकदा वाचनात आल्या की लेखणी जड होते.

युद्धाचा पसारा मात्र एकदा मांडून घ्यावा. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अशा अकरा कौरवांकडे, सात पांडवांकडे. हे एका परिच्छेदात उरका. वाचक हत्ती मोजायला आलेला नसतो.

आता निष्ठा. कर्णाची निष्ठा दाखवायला दोन प्रवेश हमखास चालतात. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि जन्माचं गुपित सांगून राज्य देऊ करतो; मग गंगेकाठी कुंती येते आणि तुझे पाच मुलगे पाचच राहतील असं वचन घेऊन जाते. दोन्ही प्रवेश इतके चांगले आहेत की तुम्ही कितीही प्रयत्न केलात तरी ते फार बिघडणार नाहीत. एक खबरदारी घ्या. कृष्णाशी बोलताना कर्ण कबूल करतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना आपण वाटेल ते बोललो, आणि आता त्याचा ताप होतो. हे वाक्य गाळा. नायकाला सगळं कळत होतं आणि तरी तो बोलत राहिला, एवढं एकदा वाचकाला उमगलं की तो गाळलेल्या इतर गोष्टीही मागायला लागतो.

त्या इतर गोष्टींत पहिली म्हणजे पहिले दहा दिवस. युद्ध अठरा दिवसांचं. सैन्यातल्या योद्ध्यांची प्रतवारी लावताना भीष्मांनी कर्णाला अर्धरथी ठरवलं, आणि म्हातारा पडेपर्यंत मी शस्त्र उचलणार नाही, असं म्हणून कर्ण बाजूला झाला. मित्रासाठी सख्ख्या आईला परत पाठवणारा माणूस एका शेऱ्यावरून रुसून अर्ध्याहून जास्त युद्ध छावणीत बसून काढतो. मला विचाराल तर कादंबरी इथेच आहे: बाहेर रोज माणसं पडताहेत, संध्याकाळी दुर्योधन थकून परततो, आणि त्याचा जिवाभावाचा मित्र तंबूत कोऱ्या कपड्यांनिशी बसलेला. दोघं काय बोलत असतील? पण तुम्ही नवशिके आहात. हे दहा दिवस सूर्यास्ताच्या वर्णनांनी भरून काढा.

शौर्याचं प्रकरण त्याहून अवघड, कारण त्यात विकर्ण येतो. विकर्ण दुर्योधनाचा धाकटा भाऊ. द्यूतसभेत भीष्म-द्रोण खाली बघत असताना हा एकटा पोरगा उठून म्हणाला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला पोरकट ठरवून गप्प कुणी केलं? तुमच्या नायकानं. त्याच दमात त्यानं द्रौपदीला वेश्या म्हटलं आणि तिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगितलं. पुढे घोषयात्रेत गंधर्वांनी कौरवांना झोडपलं, कर्णाचा रथ मोडला, तेव्हा तो उडी मारून दुसऱ्याच्या रथावर चढला आणि जीव घेऊन पळाला. तो रथ विकर्णाचा होता. दुर्योधन मागे राहिला तो गंधर्वांच्या हातात सापडला, आणि त्याला सोडवायला पांडवांना यावं लागलं. मग चौदाव्या दिवशी भीम कर्णाला भारी पडायला लागला, म्हणून दुर्योधनानं त्याच्या मदतीला आपले भाऊ पाठवले. भीमानं ते मारले. त्यांत विकर्ण होता. शंभरही जणांना मारीन अशी शपथ वाहिलेला भीम एकट्या विकर्णासाठी हळहळला.

बघा, काय हाती लागलं. ज्यानं भर सभेत तोंड बंद केलं त्याला आपल्या रथात जागा देणारा, आणि शेवटी त्यालाच वाचवायला जाऊन मरणारा माणूस. कर्ण चुकीच्या बाजूला राहिला याचं कारण उपकार. विकर्णाला तेही नव्हतं. सत्य कुठे आहे हे त्यानं सगळ्यांदेखत बोलून दाखवलं होतं आणि तरीही तो घरच्यांबरोबर उभा राहिला. यातलं धैर्य कोणतं आणि भित्रेपणा कोणता, हे ठरवता ठरवता तुमचा पहिला खर्डा फाटेल. त्यामुळे प्रकाशकाकडे जायची घाई असेल, तर विकर्णाला शंभरांच्या गर्दीत मिसळून टाका. बहुतेकांनी तेच केलं आहे.

कथन कुणाच्या तोंडी घालावं, हा प्रश्न तुम्हाला छळेल. प्रत्येक पात्राला एकेक स्वगत देणं ‘मृत्युंजय’नंतर इतकं वापरून झालंय की आता रथाच्या चाकालाच बोलायला लावणं तेवढं शिल्लक आहे. त्यापेक्षा व्यासांची युक्ती चोरा. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य ही पर्वं लढाईनं सुरू होत नाहीत. संजय रणांगणातून येतो आणि आंधळ्या राजाला आधी सांगून टाकतो की तुझा सेनापती पडला. मग राजा विचारतो, कसा? शेवट हातात दिल्यावरही वाचक शेकडो पानं खिळून राहतो, कारण ऐकणारा बाप आहे. रहस्य राखण्यासाठी धडपडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. (पहिली सूचना इथपुरती मागे घेतली आहे.)

बाजू बदलणाऱ्याला खलनायक करायची सवय असेल तर युयुत्सू घेऊ नका. धृतराष्ट्राचा हा दासीपुत्र. युद्ध सुरू व्हायच्या ऐन क्षणी युधिष्ठिरानं हाक दिली की ज्याला इकडे यायचं असेल त्यानं यावं, आणि दोन सैन्यांच्या मधली मोकळी जमीन हा एकटा चालून गेला. शंभर भाऊ संपले, हा उरला. पुढे पांडव हिमालयाकडे निघाले तेव्हा राज्याची देखरेख त्याच्याकडे आली. न्यायाची बाजू घेऊन जिंकलेला माणूस घरी कसा राहत असेल, हे धर्मवीर भारतींनी हिंदीत ‘अंधा युग’मध्ये विचारलं. मराठीत जागा अजून बरीच रिकामी आहे. शल्याचंही तसंच. नकुल-सहदेवाचा हा सख्खा मामा वाटेतल्या पाहुणचाराला भुलून दुर्योधनाला शब्द देतो, भाच्यांना कर्णाचा तेजोभंग करायचं वचन देतो, आणि मग कर्णाचे घोडे हाकता हाकता त्याला हंस आणि कावळ्याची गोष्ट ऐकवतो. यातला कावळा कोण, ते सांगायला नको. दोन्ही शब्द पाळणारा असा दुसरा माणूस त्या रणांगणात नाही, आणि त्याला निष्ठावान म्हणायची मात्र कुणाची तयारी नाही.

पण हे सगळं पुढचं. हात बसेपर्यंत रुक्मीवर सराव करा. रुक्मिणीचा भाऊ, म्हणजे आपल्या विदर्भातला. अक्षौहिणीभर सैन्य घेऊन तो पांडवांकडे गेला आणि अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन म्हणाला, गरज नाही. मग तो तसाच दुर्योधनाकडे गेला आणि तेच बोलला. त्यानंही नको म्हटलं. सगळं भारतवर्ष मरायला निघालेलं असताना दोन्हीकडून परत पाठवलेला हा एकमेव राजा. लाखो माणसं आणि हत्ती-घोडे घेऊन परत निघताना वाटेत त्यानं सेनापतीला काय सांगितलं असेल, ते दोन पानांत लिहा. कर्णाचं नाव एकदाही येता कामा नये.