निदेशकांच्या चांदमारीचे आचारनियम

गृहरक्षक दलाची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत झाली आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर यथाकाल ते परभणीसही पोहोचले. दिवसा शाळेत, दुकानात अथवा कचेरीत चरितार्थ चालवून सुटीच्या दिवशी खाकी चढविणारे मानसेवी निदेशक नवशिक्यांना नेमबाजी उत्तम शिकवितात. परंतु त्यांचा आपसांतील मैत्रीपूर्ण सामना निर्वेध पार पडल्याचे कोणाच्याही स्मरणात नसल्यामुळे सदरहू मार्गदर्शन प्रसृत करणे भाग पडले आहे.

सामना सकाळी नऊच्या आत उरकावा. उन्हाळ्यात काळे रान तापले की लक्ष्यफलक जागच्या जागी हेलकावे खाऊ लागतो आणि त्यानंतर हुकलेली प्रत्येक गोळी निसर्गाच्या खाती घालण्याचा अधिकार स्पर्धकास प्राप्त होतो. काही ज्येष्ठ मंडळी साडेनऊला येतात ती याच हिशेबाने.

पालथे पडल्यावर व्याख्यान देऊ नये. ज्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे पोरांना बजावले की दस्ता खांद्यात घट्ट रुतवावा, अर्धा श्वास सोडून उरलेला रोखावा, फलक अंधुक दिसला तरी नजर माशीच्या टोकावरच ठेवावी, आणि चाप झटकू नये, तर गोळी केव्हा सुटली हे आपले आपल्यासही कळू नये इतका सावकाश दाबीत न्यावा, तेच गृहस्थ शेजारी समव्यवसायी पडलेला दिसताच श्वास, माशी व चाप ही तिन्ही विसरून त्याचे कोपर कसे चुकले आहे हे त्याच्या निदर्शनास आणून देतात. अहो, तुमचं तुम्ही बघा की!

रायफलीवर ठपका ठेवताना दिशा एकच ठेवावी. पहिल्या गोळीनंतर "डावीकडं मारायलीय हो ही!" अशी तक्रार गुदरली आणि दुसरी उजवीकडे गेली, तर कैफियत टिकत नाही. पाचही गोळ्या एकमेकींस चिकटून, परंतु निशाणापासून दूर पडल्या, तर माशी सरकवून इलाज करता येतो. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर दोष खांद्यामागच्या इसमाचा. सुमारे नऊ पौंडांची थ्री-नॉट-थ्री याबाबत निर्दोष सुटते.

आमच्यातील एक वृद्ध ड्रिलमास्तर यांपैकी काहीच करीत नाहीत. ते चष्मा पुसतात, पाच गोळ्या झाडतात, सर्वांच्या मागून फलकाशी जातात आणि चंचीतले विड्याचे पान काढून पाचही भोकांवर ठेवून पाहतात. एखादे भोक बाहेर डोकावले, तर जीभ चावतात. पान मग तिथेच लावून खातात. त्यांचे अनुकरण करू नये, असे सुचविण्याचा मोह होतो. कारण त्याने इतरांस बोलावयास काही उरत नाही.

टाळ्या वाजवू नयेत.

अखेरचा नियम पुंगळ्यांचा. काडतुसे मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजूनच शस्त्रागारात परत द्याव्या लागतात. त्यामुळे एखादी पुंगळी उडून जमिनीच्या भेगेत शिरली, की प्रथम क्रमांक व शेवटचा क्रमांक शेजारी शेजारी ओणवे होऊन तुरीच्या काडीने भेग कोरू लागतात. त्यानंतरचा चहा पराजिताने पाजावा, असा संकेत आहे. पण पराजित कोण, यावर एकमत होत नसल्याने तो बहुधा ड्रिलमास्तरच पाजतात.