किती देते? (नवशिक्यांसाठी)

गाडी घ्यायची ठरली की आधी एक वही करा. एक्सेलही चालतं, पण वहीला हळदकुंकू वाहता येतं. डावीकडे सात गाड्यांची नावं, उजवीकडे कंपनीनं सांगितलेलं ॲव्हरेज, दोन दशांश स्थळांपर्यंत. एक २०.८९ देते, दुसरी २०.६५. दुसरी लगेच खोडा. हा फरक चाकात हवा कमी असली तरी पुसला जातो, पण नवशिक्यानं असल्या विचारात पडू नये.

हा आकडा कसा निघतो, ते एकदा समजून घ्या. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. सकाळी फिरायला जाणारे टेकडीलाच एआरएआय म्हणतात. अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं गरागरा फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागून 'जरा थांबव, मळमळतंय' म्हणणारं कुणी नाही. वेग ताशी ९०च्या वर जातच नाही. तुम्ही मात्र एसी लावून, पाच माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन बोरघाट चढणार, आणि मग कंपनीला शिव्या देणार. कंपनी खोटं बोललेली नसते. तिची गाडी परीक्षेला बसली होती, तुमची संसाराला लागली आहे.

तरी परीक्षा सगळ्यांना एकच असते, म्हणून तुलनेपुरता आकडा चालतो. खात्री हवी तर साडूंना विचारा. साडूंची गाडी कायम बावीसच देते. फक्त 'टाकी फुल ते टाकी फुल मोजलंत का?' असं विचारू नका. दिवाळी तोंडावर आहे.

आता जरा अवघड धडा. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. दहा देणारी गाडी सोडून बारा देणारी घेतली, तर १,२०० लिटरचे १,००० होतात, म्हणजे २०० लिटर वाचले. वीसची सोडून पंचवीसची घेतली, तर ६००चे ४८०, वाचले १२०च. पाचाची उडी दोनाच्या उडीपुढे हरली! म्हणून युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात, ते विचारतात. आपण किती 'देते' विचारतो. गाडी पेट्रोल पिते, देत काहीच नाही, पण लग्नाच्या बैठकीत ही भाषा शोभत नाही.

शेवटी मुख्य हिशेब. अठरा देणारं साधं मॉडेल आणि चोवीस देणारं हायब्रिड. दुसरं दीड लाखानं महाग. तुमचं फिरणं वर्षाला ७,२०० किलोमीटर. म्हणजे ४०० लिटरऐवजी ३००. शंभर रुपये लिटर धरलं तर वर्षाला दहा हजार वाचले. दीड लाख वसूल व्हायला पंधरा वर्षं. सोळाव्या वर्षापासून निव्वळ नफा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, तेवढं वहीत लिहू नका.