कॅमेरेवाले सर

जिंतूरच्या बसस्टँडवर कुणालाही ‘कॅमेरेवाले सर’ म्हणून विचारा, थेट घरापर्यंत आणून सोडतील. सरांकडे कॅमेरा नाही, ही गोष्ट वेगळी.

2015 साली निकॉनचा पी-900 आला, 83 पट झूमचा. चंद्रावरचे खड्डे दाखवतो म्हणून त्याची ख्याती. सरांनी त्याच दिवशी तो घ्यायचं पक्कं केलं. फक्त जरा चौकशी करावी म्हणून बसले. चौकशीत तीन वर्षं गेली, तोवर 125 पटीचा पी-1000 बाजारात आला. “बघा, थांबलो म्हणून वाचलो!” पण तो उचलायला भलताच जड. मग 2020 साली पी-950 आला, पुन्हा 83 पटीचाच, पण फोर-के. सर म्हणाले, आता दम धरावा. तो अजून धरलेलाच आहे.

बाकी ज्ञान मात्र पक्कं. परवा एक पोरगं आलं. हरभऱ्यात रोही घुसतात, त्यांचा व्हिडिओ करायचाय, जवळ तीस हजार. सरांनी खिशातून तुरीचा दाणा आणि चिंचोका काढला. या दोन वस्तू त्यांच्याजवळ कायम असतात.

“हा दाणा म्हणजे झूमवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर. चिंचोका म्हणजे डीएसएलआरचा. झूमवाला लांबचं जवळ आणतो, पण दाण्यावर उजेड पडून पडून किती पडणार? आन् रोही येतंय कधी?”

“दिवस मावळताना.”

“मंग? चित्रात ज्वारी पेरल्यासारखे ठिपके येणार!”

“मंग डीएसएलआर घेतो.”

“घे की. कॅनन 1500डी घे. पण सोबत मिळते त्या लेन्सातून रोही शेळीएवढं दिसतंय. 70-300ची वेगळी घ्यावी लागते. बजेट किती म्हणलास?”

पोराचा चेहरा उतरला. “मंग घेऊ काय सर?”

“घाई कामून करू लालास?”

खरं सांगायचं तर सर एकही गोष्ट खोटी सांगत नाहीत, आणि हीच पंचाईत आहे. मे महिन्यात भर दुपारी मोठा झूम लावला, तर रोही राहतं बाजूला आणि मृगजळच जवळ येतं, हेही खरं. माइकवर केसाळ टोपडं नसेल तर मोराच्या ओरडण्याऐवजी वाराच ऐकू येतो, हेही खरं. इतक्या खऱ्या गोष्टी एकदम कळल्यावर माणूस खरेदी करीलच कशाला? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण सर वेगळ्या अर्थानं वापरतात : लेन्सा घडवाव्यात जर्मनीनं, निवडाव्यात परभणीनं.

साहित्य म्हणाल तर सरांकडे एकच आहे. ट्रायपॉड महाग, म्हणून काकूंनी जुन्या पँटीचा पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून, आत सोयाबीन भरून उशी करून दिली. कॅमेरा तिच्यात रुतून बसतो, हलत नाही. युक्ती अस्सल आहे. दर पावसाळ्यात दाण्यांना कीड लागते आणि काकू नवे भरतात. भाव पडल्यापासून त्यांची याबद्दल तक्रारही राहिलेली नाही.

गेल्या थंडीत आम्ही दोघं येलदरी धरणाच्या पाण्याकडेला गेलो. सरांनी बांधावर उशी ठेवली, पालथे झोपले, उजव्या मुठीची नळी करून डोळ्याला लावली. समोर पाणथळीत रोह्यांचा कळप उतरला होता, एक निळा-काळा नर पुढं. सर श्वास रोखून दहा मिनिटं तसेच. मीही हललो नाही. उगाच व्हिडिओत आवाज यायचा.

कळप गेला. सर उठले, गुडघे झटकले.

“झाला का?” मी विचारलं.

“झाला. पण शेवटी शेवटी उजेड कमी पडला.”