थीम बदलली आहे, मजकूर येतो आहे

ब्लॉगची सोय पुरवणाऱ्या कंपन्या कायम आनंदात असतात. 'कळवताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे' या वाक्याशिवाय त्यांचं एकही निवेदन सुरू होत नाही. आपल्याकडे एवढा आनंद फक्त लग्नपत्रिकेत होतो, आणि तिथे निदान जेवण तरी मिळतं. इथे काय मिळतं? बाजूच्या पट्टीचा रंग आता तुम्ही स्वतः निवडू शकता. चौकटीचे कोपरे गोल करू शकता. किती गोल, तेही तुम्हीच सांगायचं. शीर्षकाखाली सावली पाडता येते आणि ती कुठल्या बाजूला पडावी हेही ठरवता येतं. हा अधिकार आजवर फक्त सूर्याकडे होता.

लेखक हरखतो. गेल्या दिवाळीपासून अर्धवट पडलेला लेख बाजूला सारून तो सावलीची दिशा ठरवायला बसतो. मग निळ्याच्या चौदा छटा पाहतो आणि शेवटी पांढरा निवडतो. मध्यरात्र उलटल्यावर ब्लॉगवर झळकतं: 'नव्या रूपात तुमच्या भेटीला!' त्याखाली मागच्या वर्षीचाच लेख. मखर झकास झालंय, दिव्यांच्या माळा लुकलुकताहेत, फक्त मूर्ती आणायची राहिली आहे.

या सगळ्याची सुरुवात फार साधी होती. १९९९ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पायरा लॅब्ज नावाच्या चिमुकल्या कंपनीनं ब्लॉगर सुरू केलं. एक चौकट, एक बटण. चौकटीत लिहा, बटण दाबा, झालं. २००३ साली गूगलनं ही कंपनी विकत घेतली. तिच्या संस्थापकांपैकी एक इव्हान विल्यम्स. या गृहस्थांची कारकीर्द मराठी लेखकांनी मुळातून अभ्यासावी. आधी ते जगाला म्हणाले, लिहा. जग लिहायला लागलं. २००६ साली ट्विटर काढणाऱ्यांत ते होते. तेव्हा म्हणाले, १४० अक्षरांत आटपा. जगानं आटपलं. २०१२ साली त्यांनी मीडियम काढलं आणि म्हणाले, छे, असं तुटक काय लिहिता, जरा सविस्तर लिहा. लोक पुन्हा सविस्तर लिहू लागले. २०१७ मध्ये त्यांनी वाचकांना सांगितलं, आता हे वाचायचं तर वर्गणी भरा. इतक्या वेळा भूमिका बदलूनही ज्याचा अनुयायीवर्ग घटत नाही असा माणूस आपल्याकडे असता तर एव्हाना मंत्री झाला असता.

त्याच वर्षी मीडियमनं आणखी एक सुधारणा केली. लेख आवडल्याची खूण म्हणून तोवर एक हृदय असे. ते गेलं आणि टाळ्या आल्या. एका वाचकाला एका लेखासाठी जास्तीत जास्त ५० टाळ्या वाजवता येतात. मराठीत एवढ्या टाळ्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणाला मिळतात, तेही ते संपल्यावर.

दरम्यान ब्लॉगरनं सजावटीचं मनावर घेतलं होतं. २००६ मध्ये पानावरचे भाग उचलून इकडचे तिकडे ठेवायची सोय आली, २०१० मध्ये रंग-रूप बदलायचा स्वतंत्र कारखाना आला. २०११ साली तर एकच ब्लॉग वाचकाला सात निरनिराळ्या रूपांत पाहायची व्यवस्था झाली. पान उघडताना पडद्यावर दातेरी चाकं फिरत. आपल्याकडे त्या वेळचं इंटरनेट असं, की पुष्कळांनी ती चाकं म्हणजेच लेख समजून 'छान लिहिता, लिहीत राहा' असा अभिप्राय देऊन टाकला असावा.

वर्डप्रेस डॉट कॉमची तऱ्हा वेगळी. डिसेंबर आला की ब्लॉगवर बर्फ पाडायची सोय. एक खूण करायची, की पानभर पांढरे ठिपके भुरभुरू लागत. चंद्रपूरच्या मे महिन्यावर पोटतिडकीनं लिहिलेला लेख हिमवर्षावात वाचण्याचं भाग्य मराठी वाचकाला असं लाभलं. विदर्भाच्या वाट्याला आलेला एवढा गारवा कुठल्याच अधिवेशनाला देता आलेला नाही.

आता मोठ्या वर्डप्रेसकडे, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम ज्याच्यावर उभं आहे त्या मूळ सॉफ्टवेअरकडे वळू. हे २००३ सालचं अपत्य. जगातल्या दहापैकी चारांहून जास्त संकेतस्थळं आज त्याच्यावर चालतात. त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जॅझच्या कलावंताचं नाव देतात: माइल्स डेव्हिस, ड्यूक एलिंग्टन, जोसेफीन बेकर. परंपरा चांगली आहे. आपण वर्डप्रेस काढलं असतं तर बालगंधर्व आवृत्ती आली असती, आणि सात वन्समोअर झाल्याशिवाय ती काही पूर्ण चढली नसती. शिवाय त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं 'हॅलो डॉली' नावाचं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा सुटा भाग, येतं. ते काय करतं? लुई आर्मस्ट्राँग यांनी गाजवलेल्या त्याच नावाच्या गाण्याची एखादी ओळ कोपऱ्यात दाखवतं. बाकी काही नाही. एवढ्या थोर उद्योगात निव्वळ बिनकामाची अशी एकच गोष्ट असावी आणि तिनं कुणालाच त्रास देऊ नये, हे मला फार भावतं.

६ डिसेंबर २०१८ रोजी आवृत्ती ५.० आली. हिचं नाव बेबो, क्यूबाच्या बेबो वाल्देस यांच्यावरून. हिच्यात लिहिण्याची ती जुनी साधी चौकट काढून गुटेनबर्ग नावाचा नवा संपादक बसवला. गुटेनबर्गचं तत्त्व असं की परिच्छेद हा एक ठोकळा, चित्र हा एक ठोकळा, शीर्षकही ठोकळाच. ठोकळा वर सरकवा, खाली सरकवा, रंगवा. आता लेखक परिच्छेद लिहीत नाही, परिच्छेद बसवतो.

मराठी ब्लॉगलेखकाला यात नियतीचा हात दिसला. २००५ च्या आसपास मराठी पान उघडलं की पुष्कळ संगणकांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. कुणी विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरून भारतीय भाषा चालू केल्या, कुणी बरहा नावाचं टंकनाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, कुणी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला, आणि मोठ्या कष्टानं चौकोन जाऊन अक्षरं आली. तेरा वर्षांनी वर्डप्रेसनं अक्षरं काढून घेतली आणि चौकोन परत दिले.

लोकांना ते आवडलं का? गुटेनबर्गला वापरणाऱ्यांनी दिलेले गुण ५ ताऱ्यांपैकी जेमतेम २ च्या आसपास. खरी गंमत पुढे आहे. नवा संपादक नको असलेल्यांसाठी वर्डप्रेसनंच 'क्लासिक एडिटर' नावाचं प्लगिन दिलं. ते बसवलं की जुनी चौकट परत येते. ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांनी ते बसवून घेतलं. म्हणजे या सगळ्या नव्या सोयींमधली सगळ्यात लोकप्रिय सोय कुठली, तर नवी सोय बंद करण्याची! वर्डप्रेसनं आधी सांगितलं की हे २०२१ च्या अखेरपर्यंत सांभाळू. मग म्हणाले, २०२४ पर्यंत, किंवा गरज असेल तोपर्यंत. मुदतवाढ ही काही फक्त महापालिकेच्या प्रशासकांचीच मक्तेदारी नाही. २०२० साली ब्लॉगरनं चेहरा बदलला तेव्हा त्यांनीही काही काळ 'जुन्याकडे परत चला' असा दुवा ठेवला होता. लोक रांगेनं त्या दारातून बाहेर पडू लागले की दार बुजवायचं, ही पद्धत मात्र त्यांनी कायम राखली.

हे सगळं सोसलं असतं, जर या सोयी करताना आपल्या लिपीला कुणी एकदा विचारलं असतं. अक्षरांतलं अंतर वाढवायची एक सरकपट्टी असते. इंग्रजी शीर्षकाला ती शोभते. मराठी शीर्षकावर सरकवली की शिरोरेषा तुटते आणि एकसंध शब्दाचे असे गट पडतात, की मूळ शब्द कुठला हे निवडणूक आयोगालाच विचारावं लागावं. दुसरं एक बटण सगळी अक्षरं मोठ्या लिपीत करतं. मराठीत ते दाबल्यावर काहीच होत नाही. आपल्या अक्षरांत लहान-मोठं नसतं, ते फक्त लेखकांत असतं.

सर्वांत थोर सोय म्हणजे लेखाचा पत्ता. शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरून पत्ता आपोआप तयार करतं. या पत्त्याला २०० जागा. इंग्रजीचं एक अक्षर एक जागा घेतं. देवनागरीचं मात्र आधी सांकेतिक रूप होतं आणि एकेका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर त्याच्याही नऊ. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं झाली की पत्ता संपला, पुढचं शीर्षक गुपचूप कापलं जातं. आता समजा, एखाद्या निष्ठावंत कार्यकर्त्यानं लेख लिहिला: 'आमच्या साहेबांनी काल लाच नाकारली'. मोजून पाहा. पत्ता तयार होतो: 'आमच्या-साहेबांनी-काल-लाच'. पुढे जागा नाही. लेखात कितीही पुरावे द्या, जगाच्या पाठीवर ही बातमी याच पत्त्यावर राहायला गेली. आणि तो पत्ता उचलून कुणाला पाठवावा तर 'टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार' अशी ओळीच्या ओळी टक्केवारी उमटते. साहेबांच्या प्रकरणात ती शोभूनही दिसते, पण कार्यकर्त्याचं काय?

हे दुरुस्त करा, अशी मागणी कुणी केली तर नम्र उत्तर येतं: तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. पुढच्या निवेदनात पुन्हा आनंद व्हायला सुरुवात होते. या खेपेला कोपऱ्यांबरोबर कडाही गोल.

अलीकडे तर लेखनाचाही प्रश्न सुटला. २०२३ पासून वर्डप्रेससाठीच्या जेटपॅक या प्लगिनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक आहे. विषय सांगा, तो मजकूर काढून देतो, सूर हवा तसा बदलून देतो. म्हणजे कामाची वाटणी आता पक्की झाली. लिहायचं यंत्रानं आणि सावलीची दिशा ठरवायची माणसानं. मानवी प्रतिभेला अखेर तिच्या योग्यतेचं काम मिळालं.

पण या सगळ्या सजावटीचं पुढे होतं काय? मराठी लेखक मन लावून रंग जुळवतो, टंक निवडतो, लेख चोरीला जाऊ नये म्हणून माउसचं उजवं बटण बंद करतो, तळाशी 'सर्व हक्क सुरक्षित' असं ठळक लिहितो. मग कुठल्या तरी सकाळी कुठले तरी काका तो लेख उचलतात. उजवं बटण बंद असल्यानं त्यांचं काही अडत नाही. त्यांच्या फोनला उजवं बटणच नसतं. लेख व्हॉट्सॲपवर जातो. तिथे ना थीम, ना सावली, ना गोल कोपरे. सगळ्यांचा एकच टंक, एकच पार्श्वभूमी. काका फक्त एक बदल करतात: लेखकाचं नाव काढतात. फारच आवडला असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी घालतात. बहुधा पु. ल. देशपांड्यांचं. पु. ल. २००० साली गेले, व्हॉट्सॲप २००९ साली निघालं, आणि तेव्हापासून त्यांचं नवं साहित्य रोज सकाळी सातच्या आत घरोघर पोचतं आहे. एवढी शिस्त त्यांच्या प्रकाशकांनाही त्यांच्याकडून कधी मिळाली नसेल.

कंपन्यांच्या लक्षात आलेलं नाही, पण मराठीपुरतं खरं कस्टमायझेशन हेच. पंचवीस वर्षं लाखो तास खर्चून ब्लॉगलेखकानं पान सजवलं, आणि वाचकापर्यंत पोचला तो नुसता मजकूर. बरा असला तर लोकांनी पुढे पाठवला, नसला तर सावली कुठल्याही बाजूला पाडा, कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे अख्ख्या पानातला एकच भाग असा आहे, ज्याला कुठल्याच आवृत्तीत नवी सोय आली नाही आणि ज्याच्यावाचून बाकी एकही सोय चालत नाही. तोच नेमका लेखकानं दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवलेला असतो.

तेव्हा कंपन्यांना आमची एकच मागणी. पुढच्या आवृत्तीत रंग, कोपरे, सावल्या काहीही नको. फक्त मजकुराला लेखकाचं नाव असं चिकटवून द्या, की काकांच्या नखानं निघणार नाही. जमत नसेल तर निदान एक यादी द्या: कुणाच्या नावानं फिरलो तर जास्त टाळ्या मिळतात. हा लेख तुमच्या गटात उद्या 'पुलंचा एक दुर्मिळ लेख, शेवटपर्यंत वाचा' असा आला, तर कृपया मला कळवू नका. त्यांच्या नावावर माझी एवढी मोफत सुधारणा होत असेल, तर ती मला विनातक्रार मान्य आहे.