पासवर्डचा सिंहस्थ

पंचवटीत पासवर्ड बारा वर्षांनी बदलतो. गुरू सिंह राशीत आला की. कारंज्याच्या बाजूला एक कचेरी आहे. नाव सांगत नाही, माझेही चार पैसे तिथेच आहेत. तिथल्या टेबलाच्या काचेखाली हिरवं कापड, त्यावर काळारामाचा फोटो, निमाणीवरून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आणि पासवर्डची चिठ्ठी. चिठ्ठीवर मुळात ‘सिंहस्थ@२०१५’ होतं. आता १५ खोडून त्यावर निळ्या शाईने २७ केलंय.

‘‘ताई, हे असं उघड्यावर?’’

‘‘अहो दादा, सगळ्यांनाच लागतो ना! मी रजेवर गेले तर काम अडायला नको.’’

आता गंमत अशी की बारा वर्षं पासवर्ड न बदलणं हा यातला सर्वात छोटा गुन्हा. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेनेच २०१७ मध्ये सांगून टाकलं की लोकांना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा तेवढा पुढे सरकवतात. म्हणजे आमच्या ताई मानकांच्या पुढेच आहेत. फक्त तो पासवर्ड लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा आणि एकाच माणसाला ठाऊक असावा, एवढं किरकोळ राहून गेलं.

खरी गोम त्या ‘सगळ्यांनाच’मध्ये आहे. संगणकावर नाव एकच, ‘ॲडमिन’. त्याच नावाने साहेब आत जातात, ताई जातात, शिपाई जातो आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेला साहेबांचा भाचाही जातो. उद्या कुणाच्या खात्यातून रक्कम हलली तर नोंद काय सांगणार? ॲडमिनने हलवली. ॲडमिन कोण? सगळे. म्हणजे कुणीच नाही! पण वेगळा पासवर्ड मागून बघा. ‘‘म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही?’’ आपल्याकडे कुलूप चोरासाठी असतं हे घराच्या दाराला मान्य आहे, संगणकाला नाही. जेवायला जाताना कुणी पडदा बंद करून गेलं की दुपारभर त्याच्याशी कुणी बोलत नाही.

आणि हे कुठे चाललंय? रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या बघा. यजमानाने गाव-आडनाव सांगायचं, उपाध्यायांनी नेमकी वही काढायची, पणजोबांची सही दाखवायची आणि आजची नोंद करून घ्यायची. कुठल्या घराण्याची वही कुणाकडे, हे ठरलेलं. शेजारच्या उपाध्यायाने ‘‘जरा द्या हो’’ म्हणून ती उचलून नेली, असं कधी ऐकलंय? तिथे कुणाचा अपमान होत नाही. आमच्या कचेरीत मात्र खातेदारांच्या आधारच्या प्रती डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये पडून असतात, आणि झेरॉक्सवाल्याकडे फिरून आलेला पेनड्राइव्ह थेट त्याच संगणकात घुसतो.

‘‘आपल्या एवढ्याशा कचेरीवर कोण हल्ला करणार?’’ हे आणखी एक. मे २०१६ मध्ये मंत्रालयातल्या संगणकांत ‘लॉकी’ शिरला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्राणी पसरायचा तो बहुधा ईमेलला जोडलेल्या बिलासारख्या दिसणाऱ्या फायलीतून. बिल दिसलं की उघडणार नाही असा कारकून महाराष्ट्रात जन्माला यायचाय. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला बहुतेक पैसा एका शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून निघाला. त्या देशांतल्या कुणी चोराने पुणं पाहिलं असेल-नसेल. पंचवटी लहान आहे, हे त्याला कोण सांगणार?

सध्या चलानाचा मोसम आहे. आरटीओ आपल्या पेठ रोडलाच, त्यामुळे भीतीही घरचीच. व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीचं चलान’ येतं, सोबत फाइल. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते चलान नव्हे, ॲप आहे. ते बसवून मागेल त्या परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, ते वाचत बसतं. कचेरीच्या बँकखात्याचा ओटीपी साहेबांच्या त्याच फोनवर येत असेल तर झालंच कल्याण. खरं चलान परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं. पण तेवढा धीर कुणाला? दंड भरायची घाई नाशिककराला एरवी कधी असते हो?

जाता जाता, ज्या कचेऱ्यांत अजून विंडोज १० चालतंय त्यांनी ऐकावं: त्याचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘‘चालतंय की अजून!’’ हो, चालतंय. चोरालाही चालतंय.

तेव्हा मंडळी, खुर्चीतून उठताना विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि ‘एल’ एकदम दाबा, पडदा बंद होतो. ॲडमिनची वाटणी करून ज्याला-त्याला आपापलं नाव द्या. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. पैसे गेलेच तर आधी साहेबांना कसं सांगायचं याची मीटिंग घेऊ नका, १९३० ला फोन लावा; जितका उशीर तितके पैसे लांब. आणि कुणी विश्वासाचा विषय काढून रुसलंच, तर खुशाल रुसू द्या.